भाऊ झोपलेला असताना खेळण्याचा कीबोर्ड

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असून कोथरूडला मोठ्या भावासह एकाच खोलीत राहतो. रात्री जेवणानंतर तासभर नेमबाजीचे ऑनलाइन गेम खेळतो. एरवी त्याच लहान टेबलावर प्रोजेक्टचे लेखन चालते. पाच हजार रुपयांच्या आत वायरलेस गेमिंग कीबोर्ड घ्यायचा आहे. ब्लूटूथचा चालेल का, आणि आणखी काय पाहावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : लेखनासाठी ब्लूटूथ पुरेसे आहे, पण नेमबाजीच्या गेमसाठी केवळ त्यावर चालणारा कीबोर्ड घेऊ नये. ज्याच्याबरोबर २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालणारा यूएसबी डोंगल, म्हणजे संगणकात खोचायचा छोटा रिसीव्हर मिळतो, असाच निवडावा. चांगल्या डोंगलवर कीबोर्ड सेकंदाला १००० वेळा (म्हणजे १००० हर्ट्झने) संगणकाशी बोलतो. ब्लूटूथवर हा वेग बराच कमी असतो. मात्र खोक्यावरचा १००० हर्ट्झ हा आकडा कधीकधी फक्त वायर जोडल्यावरचा असतो, त्यामुळे बारीक अक्षरांतला मजकूर वाचूनच पैसे द्यावेत.

डोंगल कोठे लावता, यालाही तितकेच महत्त्व आहे. माझ्या भाच्याचा नवा कीबोर्ड ‘डब्ल्यू’ची, म्हणजे गेममध्ये पुढे चालण्याची कळ सोडल्यावरही ती दाबलेलीच धरी आणि त्याचा खेळाडू भिंतीला जाऊन चिकटे. पाहिले तर डोंगल कॅबिनेटच्या मागे, पोर्टेबल हार्ड डिस्कच्या वायरीला खेटून बसवलेला होता. यूएसबी ३ ची उपकरणे आणि त्यांच्या वायरी याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतात. हातभर एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल टेबलावर आणला आणि तक्रार संपली.

आता भावाच्या झोपेविषयी. प्रत्येक कळेखाली एक स्विच असतो आणि त्याचा प्रकार रंगावरून ओळखतात. निळे स्विच मुद्दाम ‘टिक’ असा आवाज करतात, ते नकोत. लाल स्विचची कळ अडखळत नाही. साधारण ४५ ग्रॅमच्या दाबाने, ४ मिलिमीटर प्रवासाच्या निम्म्यावरच तिची नोंद होते. तरीही लाल म्हणजे निःशब्द नव्हे, कारण कळ तळाला आपटतेच आणि स्पेसबार तर हमखास खडखडतो. बुधवार पेठेतील तपकीर गल्लीच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजाराच्या गजबजाटात या आवाजाचा अंदाज येणे अशक्य आहे. तेथे बोटांना काय वाटते तेवढेच तपासावे. म्हणूनच हॉट-स्वॅप कीबोर्ड घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. त्यातले स्विच सोल्डरिंगशिवाय उपटून आतून रबरी गादी असलेले सायलेंट स्विच बसवता येतात. पाच पिनांच्या सॉकेटमध्ये (स्विच बसतो त्या खाचेत) तीन पिनांचा स्विचही बसतो, म्हणून शक्यतो तसेच सॉकेट पाहावे.

टेबल लहान असले तरी ६१ कळांचा कीबोर्ड टाळावा. त्यात बाणांच्या स्वतंत्र कळा सहसा नसतात आणि लेखनात त्यांची उणीव पदोपदी जाणवते. बाणांच्या कळा असलेला ८७ कळांचा आपल्याला पुरेल. रंगीत दिवे बॅटरी झपाट्याने संपवतात, त्यांच्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. त्यापेक्षा तळाशी डोंगल ठेवण्याची खाच आहे का, ते कीबोर्ड उलटा करून पाहावे; हरवलेल्या डोंगलच्या जागी दुसरा सुटा मिळणे फार अवघड असते.