खेचराचा हेवा

“संशय घेतो, म्हणजे जीव आहे म्हणूनच ना?” हे नवरे विचारतात, बायका विचारतात, हल्ली लग्न ठरलेली मुलंही. त्यावर माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका गृहस्थांची गोष्ट, ओळख बदलून सांगते.

तक्रार एकच: “ही सगळ्यांशी हसून बोलते.” त्यांना वहीत दोन रकाने आखायला लावले. डावीकडे डोळ्यांना दिसलं तेवढंच, उजवीकडे त्याचा लावलेला अर्थ. डावीकडे आलं: वॉचमनला ‘जेवलात का’ विचारलं, भाजीवाल्याशी हसली. उजवीकडे प्रत्येक ओळीला तेच: “मला किंमत नाही.”

मग इंग्रज कवी रॉबर्ट ब्राउनिंगची १८४२ची ‘माय लास्ट डचेस’ ही कविता काढली. ५६ ओळी, बोलतो एकटा ड्यूक, म्हणजे इटलीतल्या फेराराचा सत्ताधीश. समोर त्याच्या पुढच्या सोयरिकीसाठी आलेला दूत, भिंतीवर आधीच्या पत्नीचं चित्र. त्यावरचा पडदा ड्यूकखेरीज कुणी सारायचा नाही. तिचा गुन्हा? मावळतीचा प्रकाश, कुणी तोडून आणलेली चेरीची डहाळी, तिचं पांढरं खेचर, सगळ्यांचं तिला सारखंच कौतुक. नवऱ्याच्या नऊशे वर्षांच्या घराण्याला वेगळा मान नाही!

“यात दुसरा पुरुष कोण?”

“चित्रकार असेल.”

“तो मठातला संन्यासी. बरं, खेचराचं काय?”

गृहस्थ हसले. तेवढ्यात विचारलं, “हे खटकतं, असं ड्यूकनं तिला कधी सांगितलं?” त्यांनी ओळी पुन्हा वाचल्या. सांगणं म्हणजे झुकणं, आणि तो झुकत नाही. तो हुकूम देतो आणि तिचं हसू कायमचं थांबतं.

बऱ्याच वेळानं म्हणाले, “मी पण सांगत नाही. दोन-दोन दिवस तोंड फुगवून बसतो.”

माझ्या मते मत्सराची गाठ इथेच असते. समोरचा माणूस निमित्त. दुखतो तो आपण लावलेला अर्थ, आणि तो बोलून दाखवण्यात कमीपणा वाटतो. नेमका तो कमीपणा पत्करायचा. “काल जेवताना तू फोनवर होतीस, मला एकटं वाटलं. जेवताना फोन बाजूला ठेवूया?” प्रसंग, भावना, विनंती, बस्स. ‘तू नेहमीच’नं सुरुवात झाली की भांडण ठरलेलं. रागाच्या भरात तर बोलूच नये. फोन तपासायची उबळ आली तर अर्धा तास पुढे ढकलावी. तपासून घटकाभर बरं वाटतं, म्हणूनच तर हात पुन्हा तिकडे जातो.

पण पगार काढून घेणं, माहेरचे फोन बंद करणं, धमक्या, मारहाण असेल, तर रकाने नकोत आणि जोडीनं समुपदेशनही नको. त्या बाईनं एकटीनं मदत घ्यावी. महिला हेल्पलाइन १८१, जिवावर बेतलं तर ११२.