संप्रेरक ‘आदेश’ देतं का?

एका भाषांतरकार ताईंनी विचारलं आहे: “‘पोष ग्रंथीतून आलेलं संप्रेरक अधिवृक्क पेशींना स्टिरॉइड तयार करण्याचा आदेश देतं’ असं वाक्य लिहिलंय. ‘आदेश’ ठेवू की ‘संदेश’ करू? आणि हॉर्मोनला ‘संप्रेरक’ हा शब्द ओढूनताणून केलेला नाही का?”

आधी शेवटचा प्रश्न. ‘संप्रेरक’ माझ्या मते आपल्या परिभाषेतल्या उत्तम शब्दांपैकी एक. सम् + प्र + ईर्. ‘ईर्’ म्हणजे हलवणं, गती देणं; वाऱ्याला समीर म्हणतात तो याच धातूवरून. आणि ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टार्लिंग यांनी 1905 साली लंडनमधल्या व्याख्यानांत ‘हॉर्मोन’ शब्द वापरला, तो ज्या ग्रीक क्रियापदावरून आला त्याचा अर्थही चालना देणं हाच. ज्याने कोणी हा मराठी शब्द पाडला, त्याने थेट धातूलाच हात घातला.

‘अधिवृक्क’ (इंग्रजीत अ‍ॅड्रिनल) मात्र जरा परका वाटतो, कारण वृक्क हा मूत्रपिंडाचा जुना संस्कृत शब्द आपल्या तोंडी राहिलेला नाही. आपण किडनी म्हणतो, मटणाच्या दुकानात गुर्दा. त्या गुर्द्याभोवती चरबीचं जाड आवरण असतं ना, तिथेच वरच्या बाजूला ही ग्रंथी बसलेली असते. माणसात एकेकीचं वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम.

आता ‘आदेश’. मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीतून (पिट्युटरीतून) येतं ते एसीटीएच नावाचं संप्रेरक, 39 अमिनो आम्लांची साखळी. पेशीच्या आत तिला प्रवेश नाही. ती बाहेरच्या ग्राहीवर (रिसेप्टरवर) बसते आणि आतल्या बाजूला सायक्लिक एएमपी नावाचा छोटा रेणू तयार होऊ लागतो. पुस्तकं त्याला ‘द्वितीय संदेशवाहक’ म्हणतात. मी ‘दुसरा निरोप्या’ म्हणेन: पहिला उंबऱ्याबाहेरूनच सांगतो, दुसरा तो निरोप माजघरापर्यंत नेतो. (या शोधासाठी सदरलँड यांना 1971 चं नोबेल मिळालं.) त्या निरोपावर पेशीतलं कोलेस्टेरॉल तंतुकणिकेच्या (मायटोकॉन्ड्रियाच्या) आतल्या पटलापर्यंत पोहोचवलं जातं, तिथे त्याची बाजूची साखळी छाटली जाते आणि पुढच्या काही पायऱ्यांनी कॉर्टिसोल हे स्टिरॉइड संप्रेरक बनतं. यात सगळं अडतं ते त्या पोहोचवण्यापाशी.

थायरॉइड ग्रंथी आपला माल आठवडेच्या आठवडे साठवून ठेवते. अधिवृक्क पेशी तसं करत नाही. कणीक मळलेली, म्हणजे कोलेस्टेरॉलचे थेंब तयार. पोळी मात्र पान मांडल्यावरच. थोडी-थोडी लाटणी तर दिवसभर चालूच असते. एसीटीएच आलं की हात भराभर चालतात. म्हणून ‘आदेश’ नको, तो एकदा सुटला की संपला. ‘संदेश’ चुकीचा नाही, पण पुढे काय घडलं ते सांगत नाही. ‘उद्दीपित करतं’ फक्त उत्तरपत्रिकेत शोभतं. ‘चालना देतं’ लिहा. संप्रेरकातल्या ‘ईर्’शी ते जुळतंही.

वाक्यातला ‘स्टिरॉइड’ही मला खटकतो. एक तर वाचकाच्या डोळ्यांपुढे व्यायामशाळा येते. दुसरं, हीच ग्रंथी अल्डोस्टेरॉनही बनवते, तेही स्टिरॉइडच; पण त्याचा ताबा मुख्यतः अँजिओटेन्सिन हे दुसरं संप्रेरक आणि रक्तातलं पोटॅशियम यांच्याकडे असतो. एसीटीएचबद्दल बोलताना कॉर्टिसोल म्हणा.

आणि ‘पोष’ शब्द वाक्यात आहे तो सोडू नका. एसीटीएच बराच काळ आलं नाही, तर अधिवृक्काचा बाहेरचा थर चक्क वाळत जातो. दीर्घकाळ स्टिरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्याला डॉक्टर त्या एकदम बंद करू देत नाहीत, ते यामुळेच: बाहेरून आयतं मिळतंय म्हणून पोष ग्रंथी गप्प बसलेली असते आणि खालची ग्रंथी उपाशी.

तर वाक्य असं करा: “पोष ग्रंथीतून येणारं एसीटीएच हे संप्रेरक अधिवृक्क पेशींना पोसतं आणि कॉर्टिसोल तयार करायला चालना देतं.” संप्रेरक नपुंसकलिंगी आहे, अनेकवचन ‘संप्रेरकं’, छापताना ‘संप्रेरके’.