चाळिशीच्या उंबरठ्यावर, १५ वर्षं एकाच कारखान्यात काढल्यावर मोठ्या कंपनीचा इंटरव्ह्यू कसा द्यावा?

तुम्ही खानापूरचे, मराठी माध्यमातले, क्वालिटीत १५ वर्षं झालेली, आणि आता कॉल आलाय तर इंग्रजीची धास्ती वाटते असं लिहिलंय. मी बेळगावचा. डिप्लोमा मेकॅनिकल, उद्यमबागेतल्या एका फौंड्रीच्या क्वालिटीत १६ वर्षं काढली आणि ४१व्या वर्षी कागलच्या एमआयडीसीत लागलो. त्याआधी पुण्याकडच्या एका कंपनीत नापास झालो होतो. चार राउंड झाले, रात्रीच्या बसने दोनदा गेलो-आलो, आणि नंतर त्यांनी फोनसुद्धा उचलला नाही. मनाला फार लागलं. पण तिथे माझंही चुकलं होतं.

तिसऱ्या राउंडला त्यांनी विचारलं, "यात तुम्ही स्वतः काय केलंत?" मी प्रत्येक उत्तर "आम्ही"ने सुरू केलं. आपल्याकडे एका कास्टिंगला दहा जणांचे हात लागतात, "मी केलं" म्हणताना जीभ अडखळते. पण समोरच्याला तुमचा वाटा दिसणार कसा? घरी आल्यावर मी एकच प्रकरण निवडलं आणि ते आकड्यांसकट वहीत लिहून काढलं. कागलला मला त्याच प्रकरणाने तारलं, म्हणून सविस्तर सांगतो.

जुलै महिना, बेळगावचा पाऊस. पंप बॉडीचे ४२० नग मशीनवर कोरून तयार झाले आणि लीक टेस्टला ६१ गळाले. बोअरमध्ये, म्हणजे मशीनवर कोरलेल्या आतल्या गोल पोकळीत, बारीक भोकं दिसत होती. भोक बोअरिंगनंतर उघडं पडतं, त्यामुळे पहिला संशय मशीनवर गेला आणि मी ऑपरेटरला मेमो दिला. दोन दिवसांनी एक गळका नग कापून बघितला तर भोकं आतपर्यंत गेलेली, गुळगुळीत भिंतीची. म्हणजे गॅसची. मग कोअर शॉपला गेलो. कोअर म्हणजे कास्टिंगच्या आत पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवतात तो वाळूचा ठोकळा. तयार कोअर शेडच्या उघड्या बाजूला रात्रभर पडून राहायचे आणि ओल धरायचे. ओल्या कोअरवर वितळलेल्या धातूचा रस पडला की वाफ होते आणि ती धातूत अडकते. कोअर आतल्या खोलीत हलवले, ओतण्याआधी पुन्हा ओव्हनमधून काढायचे ठरवले, आणि त्याच पाळीत वापरायचे असा नियम घातला. पुढच्या ४०० नगांत ४ गळाले.

कागलच्या प्लँट हेडनी हे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या ऑपरेटरचं काय झालं?" या प्रश्नाची तयारी मी केलेली नव्हती. खरं होतं तेच सांगितलं: मेमो लेखी मागे घेतला आणि सगळ्या शिफ्टसमोर त्याची माफी मागितली. खोलीतलं वातावरण तिथून बदललं असं मला वाटतं. तेव्हा तुमच्या हातून झालेली एक चूक, ती कशी सापडली आणि कशी निस्तरली, हे आधी स्वतःशी नीट मांडा. चूक लपवून सांगितलेलं प्रकरण दोन उलट्या प्रश्नांतच उघडं पडतं.

इंग्रजीचं म्हणाल तर, सुरुवात मी इंग्रजीतच केली. कोअरच्या वाळूपाशी अडलो तेव्हा कागद मागून स्केच काढलं आणि "मराठीत सांगितलं तर चालेल का?" असं विचारलं. चाललं. पॅनेलवर मराठी कळणारं कोणी नसेल तर ते स्केचच बोलेल. मोल्डरशी कन्नड, हेल्परशी हिंदी, ऑपरेटरशी मराठी आणि रिपोर्ट इंग्रजीत, हे आपण सीमाभागातले लोक रोज करतो. ते कौशल्यच आहे, बायोडाटात लिहा. मात्र जुन्या कंपनीची ड्रॉइंग किंवा ग्राहकांची नावं बरोबर नेऊ नका.

टेक्निकल राउंडला मी एफएमईएवर, म्हणजे काय बिघडू शकतं ते आधीच हेरायच्या पद्धतीवर, अडलो. मी सिव्हिरिटी (बिघाड किती गंभीर), ऑकरन्स (किती वेळा होतो), डिटेक्शन (कितपत पकडता येतो) यांचे गुण गुणून आरपीएन, म्हणजे जोखमीचा आकडा, काढणारा. एफएमईएच्या २०१९च्या हँडबुकने त्याऐवजी ॲक्शन प्रायॉरिटी, म्हणजे आधी कशावर उपाय करायचा तो क्रम, आणलीय हे मला ठाऊक नव्हतं. "माहीत नाही, वाचून सांगतो" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच मेल पाठवला. तुम्ही आधीच वाचून जा.

पगाराचा आकडा सीटीसीत, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च धरून, ऐकाल. त्यात कंपनीचा पीएफ आणि बहुतेक वेळा बेसिकच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटीही धरलेली असते, म्हणून हातात महिन्याला किती पडणार ते थेट विचारा, लाजू नका. जुन्या ठिकाणची ग्रॅच्युइटीही सोडू नका: शेवटचा बेसिक आणि डीए, भागिले २६, गुणिले १५, गुणिले पूर्ण वर्षं.

आणि ऑफर लेटर हातात पडेपर्यंत राजीनामा देऊ नका. मला तोंडी होकार मिळाल्यावर लेटर यायला पाच आठवडे लागले. तेवढे दिवस मी रोज उद्यमबागेत वेळेवर हजर होतो.