रात्रीचा खोकला: आधी वेळ बघा, मग औषध

प्रश्न: मुलगी अडीच वर्षांची आहे. सर्दी गेली, पण खोकला ५ आठवडे झाले तरी जात नाही. दिवसभर छान खेळते, रात्री मात्र खोकून उठते, कधी उलटीही होते. सिरपच्या दोन बाटल्या संपल्या. सासूबाईंनी केळं आणि दही बंद केलंय. कारण कसं शोधायचं?
— एक आई, सांगली

उत्तर: केळं-दही खुशाल सुरू करा, त्यांचा यात दोष नाही. सर्दीनंतरचा खोकला बहुतेक मुलांचा ३ आठवड्यांच्या आत जातो. ४ आठवडे उलटले की बालरोगतज्ज्ञांना दाखवून छातीचा एक्स-रे काढायचा, म्हणजे तुमची वेळ आलेलीच आहे. पण जाताना हात हलवत जाऊ नका. दोन-तीन रात्री खोकल्याची वेळ, कोरडा की कफाचा, हे लिहून ठेवा आणि मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. दवाखान्यात मूल नेमकं खोकत नाही, तिथे हे रेकॉर्डिंग फार कामी येतं.

आडवं केल्या केल्या खोकला, नाक चोंदलेलं, तोंड उघडं ठेवून घोरणं: नाकातला शेंबूड घशात उतरतोय, किंवा ॲडेनॉइड (नाकाच्या मागच्या बाजूच्या गाठी) वाढलेत. झोपण्याआधी दोन्ही नाकपुड्यांत सलाइनचे २-२ थेंब टाकून पाहा. पडल्यापडल्या दुधाची बाटली पीत असेल तर तीही बंद करा. मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे कोरडी ढास, छातीत शिट्टीसारखा आवाज, हसल्या-पळाल्यावरही खोकला, घरात कुणाला दमा: संशय दम्याचा. या वयात फुंकून करायची तपासणी जमत नाही. म्हणून डॉक्टर मास्क लावलेल्या स्पेसरमधून (इनहेलरला जोडायची पोकळ नळी) इनहेलर काही आठवडे देऊन बघतात आणि मग थांबवतात. औषधाने थांबलेला खोकला बंद केल्यावर परतला तरच निदानाला बळ येतं. नुसतं बरं वाटणं पुरावा नव्हे, कारण खोकला आपोआपही जातो. रोज ओला, घरघरता, सकाळीही तसाच असेल तर श्वासनलिकांत जंतुसंसर्ग रेंगाळलेला असतो. त्याला साधारण दोन आठवड्यांचं अँटिबायोटिक लागतं, मधेच सोडायचं नाही.

उलटीवरून लगेच ॲसिडिटी ठरवू नका. लहान मुलं खोकून खोकून ओकतात. उबळीमागून उबळ येऊन चेहरा लाल होत असेल तर डांग्या खोकल्याचं बघायला हवं. लसीचं कार्ड घेऊन जा.

दोन गोष्टी विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. खोकला शेंगदाणा किंवा फुटाणा खाताना ठसका लागून एकदम सुरू झाला होता का? दाणा एक्स-रेत दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे नॉर्मल असला तरी श्वासनलिकेत दुर्बीण घालून पाहावं लागतं. आणि घरात कुणाचा खोकला लांबलाय का, मुलीचं वजन घटलंय का, ताप येतो का? असेल तर टीबीची तपासणी टाळू नका.

घरात मच्छर अगरबत्ती आणि सिगारेट आधी बंद. पावसाळ्यात ओलसर कापसाच्या गादीत धुळीतले कीटक वाढतात. चादरी-अभ्रे दर आठवड्याला ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा, मऊ खेळणी अंथरुणाबाहेर ठेवा.

मूल शांत झोपलेलं असताना मिनिटाला ४० हून जास्त श्वास, बरगड्यांखाली खळगे, निळसर ओठ: यातलं काहीही दिसलं तर रात्रीच दवाखाना गाठा.

प्रश्न: मध, ओवा-वेखंडाची धुरी, वाफ आणि कापूर यांतलं काय चालेल?
— एक आजी, चिपळूण

उत्तर: फक्त मध, तोही वर्ष पूर्ण झाल्यावर, झोपताना अर्धा ते एक चमचा. धुरी म्हणजे शेवटी धूरच, ती खोकला वाढवते. वाफेच्या पातेल्याने मुलं भाजतात. कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात. खोकल्याच्या सिरपबद्दल केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयानेही ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलंय: दोन वर्षांखाली देऊ नये, पाच वर्षांखाली सहसा नको.