पेनटेस्टमध्ये लक्षात येऊ नये म्हणून एनमॅपचा वेग किती ठेवावा? टी० की टी१?

तुम्ही लिहिलंय की अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं अंतर्गत नेटवर्क तपासायचं काम (पेनटेस्ट, म्हणजे परवानगी घेऊन केलेली हल्ल्यासारखी चाचणी) मिळालंय, परवानगी लेखी आहे आणि तिथल्या सुरक्षा टीमला सुगावा लागू न देता स्कॅन करायचंय. मीही नाशिकमध्ये हेच काम करतो. माझं उत्तर : दोन्ही नको.

एनमॅप हे नेटवर्क स्कॅन करायचं साधन, आणि टी० (सर्वांत हळू) ते टी५ (सर्वांत वेगवान) या त्याच्या वेगाच्या पातळ्या. आधी हिशोब करा. टी१ एका वेळी एकच प्रोब (चाचपणीचं पॅकेट) पाठवतो आणि मध्ये १५ सेकंद थांबतो. एनमॅप मुळात १,००० पोर्ट (मशीनवरच्या सेवांची क्रमांकित दारं) बघतो, म्हणजे एका मशीनला चार तासांच्या वर. २५४ पत्त्यांचं साधं सबनेट (नेटवर्कचा एक तुकडा) असेल तर दीड महिना. टी० दोन प्रोबमध्ये ५ मिनिटं थांबतो. त्याच सबनेटला दोन वर्षांहून जास्त लागतील. पोर्ट फिल्टर्ड (फायरवॉलने अडवलेले) असले की पुन्हा प्रयत्न होतात, ते वेगळेच. तुमचं कंत्राट किती दिवसांचं आहे?

बरं, एवढं थांबून लपता येतं का? ज्या यंत्रणा ठरावीक काळात किती प्रोब आले ते मोजतात, त्यांच्यापासून काही प्रमाणात येतं. स्नॉर्ट २ या घुसखोरी ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पोर्टस्कॅन शोधकात सर्वांत कमी संवेदनशील पातळीला ६० सेकंदांचा काळ बघितला जातो, सर्वांत जास्तीला ६०० सेकंदांचा. टी१ चे पहिल्यात चार प्रोब पडतात, दुसऱ्यात चाळीस. पण लॉग गोळा करून दिवसाचा हिशोब मांडणाऱ्यासमोर एकाच आयपीवरून गेलेले ५,७६० प्रोब येतात, तेही घड्याळ लावल्यासारखे. आणि कुणी हनीपॉट, म्हणजे सापळा म्हणून ठेवलेलं मशीन, ठेवला असेल तर विषयच संपला. त्या मशीनशी कुणी बोलायचंच नसतं, त्यामुळे पहिल्या प्रोबलाच अलर्ट जातो, मग तुम्ही कितीही दबकत आलेले असा.

म्हणून मी वेग कमी करण्याआधी पोर्ट कमी करतो. २२, ४४५, ३३८९, ४४३ असे मोजके पोर्ट, टी२ च्या आसपासचा वेग (तो ०.४ सेकंद थांबतो) किंवा मॅक्स-रेट (सेकंदाला जास्तीत जास्त किती पॅकेट जातील ती मर्यादा) हाताने बांधून, आणि एका वेळी थोडीच मशीन. पहिल्या फेरीत सॉफ्टवेअरचं व्हर्जन ओळखणं आणि एनमॅपच्या तयार स्क्रिप्ट पूर्ण बंद. खरा गोंगाट तिथेच होतो : एनमॅपच्या वेब स्क्रिप्ट यूजर-एजंटमध्ये (विनंतीतल्या ओळखीच्या ओळीत) स्वतःचं नाव सांगून आत शिरतात. पूर्ण जोडणी करणारा कनेक्ट स्कॅनही टाळा, जोडणी पूर्ण होते आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये नोंद पडते. वेळ दिवसाची, ऑफिस भरलेलं असताना. रात्री नेटवर्क शांत असतं, तेव्हा तुमचंच स्कॅन उठून दिसेल.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत, पण कारखाना म्हटल्यावर सांगायलाच हवं. शॉप फ्लोअरवर हळू जायचं ते लपण्यासाठी नव्हे. जुने पीएलसी (यंत्रं चालवणारे छोटे कंट्रोलर) एकदम आलेल्या जोडण्यांनी गोठतात आणि लाइन थांबते. १०२ आणि ५०२ हे पोर्ट उघडे दिसले की समजा, सीमेन्सचा पीएलसी किंवा मॉडबस (कारखान्यातल्या यंत्रांची संवाद-भाषा) बोलणारं यंत्र समोर आहे. तिथे टी४, टी५ चं नावही काढू नका. तो सबनेट स्कॅनमधून वगळा आणि साप्ताहिक सुट्टीला मेंटेनन्सचा माणूस शेजारी उभा करून वेगळा तपासा. प्रॉडक्शन मॅनेजरला तुमच्या स्टेल्थशी काही देणंघेणं नसतं, हे पहिल्याच मीटिंगला कळतं!

परवानगीच्या पत्रात आयपी रेंज, तारखा आणि तुमचा सोर्स आयपी लिहून घ्या. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ आणि ६६ परवानगीशिवाय आत शिरणाऱ्याला लागू होतात. सुरक्षा टीमला सांगायचं नसेल, तरी वरच्या एका माणसाला माहीत असायलाच हवं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार महत्त्वाच्या यंत्रणांचं लक्ष्य ठरवून केलेलं स्कॅनिंगसुद्धा ६ तासांत कळवायच्या घटनांत मोडतं. तुमच्या टेस्टमुळे तिथे खरा रिपोर्ट गेला तर निस्तरत बसाल.

शेवटच्या दिवशी उलटं करा. वेग टप्प्याटप्प्याने वाढवा, टी२, टी३, मग ऑफिसच्या सबनेटवर टी४, आणि प्रत्येक फेरीची सुरुवात-शेवटची वेळ लिहून ठेवा. मग त्यांच्या लॉगशी ताळा जुळवा. लॉग १८० दिवस ठेवणं त्याच निर्देशांनुसार बंधनकारक आहे, त्यामुळे नाही म्हणायला जागा नाही. पहिला अलर्ट कुठल्या वेगाला वाजला, की वाजलाच नाही, ही ओळ रिपोर्टमध्ये सगळ्यात वर घाला.