दोन तासांनी कूस बदलताना

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘सिस्टर, दहा दिवस ज्या आजोबांचं सगळं केलं, ते गेलेच. मग मी केलं तरी काय?’ मला हा प्रश्न पडला तेव्हा मी तुझ्याच वयाची होते आणि विचारायला कोणी नव्हतं.

काय केलंस ते तूच लिहिलंयस, फक्त ते कामात धरलेलं नाहीस. दर दोन तासांनी त्यांची कूस बदललीस. माकडहाड, खुबे, टाचा बघितल्यास. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून हात फिरवून कुठे गरम, टणक लागतंय का पाहिलंस. गिळता येईना तेव्हा ओल्या कापसाने ओठ भिजवलेस. दहा दिवस अंथरुणाला खिळलेला माणूस अंगावर एकही बेडसोर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, न होता गेला. नातेवाइकांना हे कळणारही नाही, कारण न झालेली जखम कोणाला दिसत नाही. मला दिसली.

मुंबईत वांद्र्याला 1986 साली शांती आवेदना सदन सुरू झालं, देशातलं पहिलं हॉस्पिस. बऱ्या न होणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णांसाठी. ‘बरा होऊन घरी गेला’ या मापाने तिथलं काम मोजताच येत नाही, तरी काम रोज पहाटेपासून असतंच. दुखणं उसळण्याची वाट न बघता मॉर्फिन ठरल्या वेळी द्यायचं, त्याने पोट साफ होत नाही म्हणून त्याचंही औषध सोबत द्यायचं. 2014 साली अमली पदार्थांचा कायदा बदलला, त्याआधी हेच मॉर्फिन मिळवताना परवान्यांच्या कागदांत दिवस जायचे आणि माणूस तोवर कण्हत असायचा. ते कण्हणं मी ऐकलंय.

आणि हो, फळाची अपेक्षा नको म्हणून कोणी तुला रजा किंवा पगार सोडायला सांगितलं तर ऐकू नकोस. ते हक्काचं आहे. सोडायची ती फक्त ‘माझ्यामुळे हे वाचतील, मला दुवा देतील’ ही आशा.

माझी एक चूक सांगते. वॉर्डात एक बाई होत्या. आता करण्यासारखं काही उरलं नाही असं वाटून मी त्यांच्या खाटेपाशी थांबणं कमी केलं होतं. फक्त तापमान, नाडी लिहून पुढे जायचे. एका संध्याकाळी त्यांनी माझा पदर धरला. म्हणाल्या, ‘वेणी घालशील?’ केसांत गाठीच गाठी झाल्या होत्या. तेल लावून, गुंता सोडवून वेणी घालायला पाऊण तास लागला. त्या काही बोलल्या नाहीत, डोळे मिटून बसल्या होत्या. तिसऱ्या दिवशी गेल्या. अंग पुसायला मीच होते. वेणी तशीच होती.

तुझी उद्या नाइट आहे ना? पिशवीत खोबरेलाची लहान बाटली टाक. आणि आजोबांच्या खाटेवर आता कोण आलंय, ते मला कळव.

तुझी,
सिस्टर