वाचकांचे प्रश्न : नाताळातली आईस हॉकी

प्रश्न : स्वित्झर्लंडच्या स्पेंग्लर कपमध्ये सुरुवातीचे दोन्ही सामने हरलेला संघही पुढे खेळताना दिसतो. असं कसं? – एक पालक, परभणी

उत्तर : कारण गटातून कुणी बाद होतच नाही. दावोसला १९२३ पासून भरणाऱ्या या स्पर्धेत यजमान एचसी दावोस धरून सहा संघ असतात. तीन-तीनचे दोन गट. गटात पहिला आलेला थेट उपांत्य फेरीत जातो. दुसऱ्या-तिसऱ्याला आधी समोरच्या गटातल्या संघाला हरवावं लागतं. म्हणजे गटविजेता चार सामन्यांत कप जिंकतो, बाकीच्यांना पाच लागतात, तेही २६ ते ३१ डिसेंबर या सहा दिवसांत आणि १,५६० मीटर उंचीवरच्या विरळ हवेत. तो एक जादा सामना पायांवर येतो. साठ मिनिटांत जिंकल्यास तीन गुण मिळतात, जादा वेळेत दोनच. हरणाऱ्याला तिथं एक मिळतो.

घड्याळाचा घोळ मात्र होतो. तिथली वेळ हिवाळ्यात आपल्या साडेचार तास मागे असते. रात्री सव्वाआठचा सामना आपल्याकडे पाऊण वाजता सुरू होतो, म्हणजे तारीख पुढची धरा.

प्रश्न : पक (खेळातली रबरी चकती) नजरेत येत नाही आणि खेळाडू सारखे आत-बाहेर करतात. नेमकं काय पाहायचं? – जालना

उत्तर : पकमागे डोळे पळवू नका, बाकाकडे पाहा. खेळाडू पूर्ण जोरात ४०-५० सेकंदच टिकतो, मग बदली. समोरच्यांच्या टोकाला पक ढकलून बदलणं सुरक्षित. बाहेर येणारा बाकाजवळ पोचण्याआधीच दुसरा आत उतरून खेळात आला, तर जास्त खेळाडूंबद्दल दोन मिनिटांची शिक्षा होते.

आयसिंग नीट समजून घ्या. मधल्या लाल रेषेच्या अलीकडून मारलेला पक कुणाला न लागता समोरच्या गोलरेषेपार गेला, तर मारणाऱ्यांच्याच टोकाला फेस-ऑफ होतो, म्हणजे दोघांच्या मध्ये पक टाकून खेळ पुन्हा सुरू होतो, आणि त्यांना खेळाडू बदलता येत नाहीत. दमलेले पाचजण तिथंच अडकतात. गोल बसतो तो बऱ्याचदा अशा वेळी.

प्रश्न : आमच्या शाळेत सिमेंटचं बास्केटबॉल कोर्ट आहे. बर्फ नसताना सराव होईल का? – क्रीडाशिक्षक, लातूर

उत्तर : नक्की होईल, इनलाइन स्केट्सवर, म्हणजे एका ओळीत चाकं असलेल्या बुटांवर. चाकांवरचा कडकपणाचा आकडा पाहूनच घ्या : उघड्या सिमेंटला ८२ए ते ८५ए. हॉलसाठीची ७४-७६ए ची मऊ चाकं खरबरीत कोर्टवर भराभर झिजतात. पकऐवजी बॉल वापरा, सिमेंटवर पक उलटून अडखळतो. मैदानी हॉकीची स्टिक चालणार नाही. ती आखूड असते आणि तिची एकच बाजू सपाट असते. आईस हॉकीची स्टिक स्केट्स घालून उभं राहिल्यावर हनुवटीपर्यंत यावी.

आधी थांबायला शिकवा, स्टिक नंतर. हेल्मेट, कोपर आणि गुडघ्याचे पॅड नसतील त्या मुलाला उतरवू नका, भीड धरू नका. आपल्याकडची धूळ बेअरिंगमध्ये बसून चाक जाम होतं. खेळाआधी कोर्ट झाडून घ्या, बेअरिंग पाण्यानं कधीच धुऊ नका, गंजतात. कोरड्या फडक्यानं पुसून तेलाचा एक थेंब पुरे. चाकं आतल्या कडेनं जास्त झिजतात, म्हणून अधूनमधून डाव्या-उजव्या स्केटच्या चाकांची अदलाबदल करताना आतली बाजू बाहेर फिरवा.